बदलीचा हुकूम आणि नेमणुकीच्या अटी : डॉ. रोनाल्ड रॉस यांच्या सेवाजीवनाचा एक अभ्यास (१८८१–१९३२)

प्रास्ताविक

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शोधाची तारीख ठळक अक्षरांत नोंदविली जाते. तो शोध लावणाऱ्या डॉक्टरला वेतन किती होते, त्याची बदली कोणाच्या आदेशाने झाली, नव्या गावी त्याला कोणते काम मिळाले आणि सेवा सोडताना त्याच्या पदरात काय पडले, या बाबी मात्र चरित्राच्या कडेला राहतात. हिवतापाच्या परजीवीचा डासाच्या शरीरातील प्रवास उलगडणारे सर रोनाल्ड रॉस (१८५७–१९३२) यांच्याबाबतीत असे करणे गैरसोयीचे ठरते, कारण त्यांच्या संशोधनातील जवळजवळ प्रत्येक खंडाचे कारण बदलीच्या हुकुमात सापडते. प्रस्तुत निबंधात त्यांच्या शोधाची शास्त्रीय बाजू आवश्यक तेवढीच विचारात घेतली आहे. येथे मुख्य प्रश्न वेगळा आहे : एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आपण कोठे काम करावे हे ठरविण्याचा कितपत अधिकार होता, आणि तो अधिकार मिळविण्यासाठी त्याला कोणती किंमत मोजावी लागली?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे की प्रतिभावंत संशोधकाला मठ्ठ नोकरशाहीने छळले. हे चित्र मुख्यतः रॉस यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रावर आधारलेले आहे. हे आत्मचरित्र म्हणजे एका अर्थी शासनापुढे मांडलेला हिशेबही आहे, हे विसरता येत नाही. पॅट्रिक मॅन्सन आणि रॉस यांचा पत्रव्यवहार १९९८ मध्ये पुस्तकरूपाने उपलब्ध झाल्यानंतर हे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले आहे.

सेवेची रचना

इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मूलतः लष्करी सेवा होती. लंडन येथील स्पर्धापरीक्षा आणि त्यानंतर नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयातील प्रशिक्षण, असा तिचा मार्ग होता. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांत उमेदवारांची वाटणी गुणक्रमानुसार होई. वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांचा ओढा बंगालकडे असे. १८८१ मध्ये सेवेत आलेल्या रॉस यांचा क्रम खालचा असल्याने त्यांच्या वाट्याला मद्रास इलाखा आला. अल्मोडा येथे जन्मलेल्या आणि भारतीय सैन्यातील अधिकाऱ्याचा पुत्र असलेल्या या तरुणाचा ओढा काव्य, संगीत व गणित यांकडे अधिक होता. वैद्यक हा वडिलांचा आग्रह होता.

अधिकाऱ्याच्या प्राप्तीचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय बदलीचे महत्त्व ध्यानात येत नाही. हुद्द्यानुसार मिळणारे वेतन हा तिचा एक भाग होता. एखाद्या पलटणीचा किंवा रुग्णालयाचा कार्यभार असल्यास प्राप्ती वाढे आणि कार्यभार नसल्यास ती घटे. मुलकी नेमणूक मिळाली तर खासगी व्यवसायाची वाट खुली होई. म्हणजेच बदलीच्या एका हुकुमाने गाव, काम आणि उत्पन्न या तिन्ही गोष्टी एकदम बदलत. सतरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होई, आणि बहुसंख्य अधिकारी तो मैलाचा दगड नजरेसमोर ठेवूनच दिवस काढीत.

याच काळात रुपयाच्या घसरणीने या सेवेच्या अटींचा कणा खिळखिळा केला होता. १८७० च्या दशकाच्या आरंभी रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता. १८९४ च्या सुमारास तो एक शिलिंग एक पेनीच्या आसपास आला. वेतन रुपयांत मिळे, पण मुलांचे शिक्षण आणि इंग्लंडमधील घरखर्च पौंडांत भागवावा लागे. म्हणून १८९३ मध्ये शासनाने युरोपीय अधिकाऱ्यांसाठी विनिमय-भरपाई भत्ता सुरू केला. त्यानुसार वेतनाच्या निम्म्या भागावर, ठरावीक मर्यादेपर्यंत, एक शिलिंग सहा पेन्सांचा दर धरला गेला. परदेशी नोकराच्या स्थलांतराची भरपाई येथील करदात्याने का सोसावी, हा प्रश्न राष्ट्रीय सभेने उपस्थित केला. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढील साक्षीत गोपाळ कृष्ण गोखले यांनीही या भत्त्यावर टीका केली. रॉस सिकंदराबादेस डास चिरत बसले होते, तेच हे वर्ष. रॉस यांच्या वर्गाला जी तुटपुंजी भरपाई वाटत होती, ती भारतीय अर्थकारणाच्या दृष्टीने एक अन्यायकारक बोजा होती. रॉस यांच्या तक्रारी वाचताना ही दुसरी बाजू ध्यानात ठेवावी लागते.

मुंबईचे बंदर ते खेरवाड्याची छावणी

सेवेच्या पहिल्या तेरा वर्षांत रॉस मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश आणि अंदमान अशा ठिकाणी फिरले. या बदल्यांविषयी त्यांची विशेष तक्रार दिसत नाही. करण्यासारखे निश्चित काम नसलेल्या माणसाला सर्व गावे सारखीच असतात. १८९४ मध्ये रजेवर इंग्लंडला गेले असता मॅन्सन यांनी त्यांना लाव्हरान यांनी वर्णन केलेले परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले आणि डासांविषयीचा आपला तर्क सांगितला. तेथून परिस्थिती पालटली. मार्च १८९५ मध्ये ते भारताकडे परत निघाले. मुंबईत उतरल्यावर जकात कचेरीतून सामान सुटण्याचीही वाट न पाहता त्यांनी रुग्णालय गाठले आणि हिवतापाच्या रुग्णांचा शोध सुरू केला, असे सांगितले जाते. आता गावागावांत फरक होता : जेथे हिवतापाचे रुग्ण आहेत ते ठिकाण उपयोगाचे, बाकीची निरुपयोगी. वेतनपत्रकात मात्र या फरकासाठी रकाना नव्हता.

सिकंदराबाद येथे १९व्या मद्रास पायदळ पलटणीबरोबर काम सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच सप्टेंबर १८९५ मध्ये त्यांना पटकीच्या साथीच्या बंदोबस्तासाठी बंगळुरास पाठविण्यात आले. ही नेमणूक मानाची होती, तिच्यात सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने खरे काम होते, आणि रॉस यांनी ते नेटाने केलेही. परंतु बंगळुरात हिवतापाचे रुग्ण नियमित मिळत नसल्याने मुख्य संशोधन ठप्प झाले. १८९७ च्या एप्रिलमध्ये रजा घेऊन ते उटकमंडजवळच्या सिगूर घाटात गेले, आणि तेथे त्यांना स्वतःलाच हिवताप जडला. संशोधनासाठी अधिकाऱ्याला स्वतःची रजा खर्ची घालावी लागते, यावरून त्या सेवेत संशोधनाचे स्थान स्पष्ट होते.

१८९७ च्या उन्हाळ्यानंतर ते पुन्हा सिकंदराबादेस आले. १६ ऑगस्ट रोजी हुसेन खान नावाच्या रुग्णाला प्रत्येक डासामागे एक आणा देऊन त्याच्या अंगावर डास सोडले गेले. २० ऑगस्ट रोजी त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीत रंगद्रव्ययुक्त पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डासात त्या अधिक वाढलेल्या आढळल्या. पुढची पायरी, म्हणजे या पेशींचे अखेर काय होते हे पाहणे, काही आठवड्यांच्या कामाची होती. त्याच सप्टेंबरात बदलीचा हुकूम आला. प्रथम मुंबई आणि तेथून राजपुतान्यातील खेरवाडा. मेवाड भिल्ल पलटणीचे हे ठाणे हिवतापाच्या अभ्यासाला अगदीच कुचकामी होते.

हा हुकूम द्वेषातून निघाला, असे मानण्यास आधार नाही. १८९६ मध्ये तीन इलाख्यांच्या वैद्यकीय सेवांचे एकीकरण झाले होते आणि त्यामुळे मद्रासकडील अधिकाऱ्याच्या बदलीचे क्षेत्र विस्तारले होते. शिवाय १८९७ हे वर्ष वायव्य सरहद्दीवरील लढायांचे आणि मुंबई-पुण्यातील प्लेगचे. डॉक्टरांची ओढाताण सर्वत्र होती. सेवेच्या दृष्टीने खेरवाड्याला एक डॉक्टर हवा होता आणि सिकंदराबादेतील एक डॉक्टर उपलब्ध होता. त्या डॉक्टरच्या सूक्ष्मदर्शकाखाली काय आहे, हे विचारण्याची कोणाचीही जबाबदारी नव्हती. नेमकी अडचण येथे आहे.

मात्र याच शासनाने दुसऱ्या एका संशोधकाबाबत उलट धोरण अवलंबिले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांना प्लेगच्या कामासाठी मुद्दाम मुंबईला पाठविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना प्रयोगासाठी जागा मिळाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःवर लस टोचून घेतली. रोग जेथे आहे तेथे संशोधकाला नेणे शासनाला अशक्य नव्हते, हे यावरून दिसते. हाफकिन इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी नव्हते, किंबहुना ते डॉक्टरही नव्हते. त्यांची नेमणूकच एका विशिष्ट कामासाठी होती. प्लेगने व्यापार व जहाजवाहतूक अडविली होती, त्यामुळे त्याला निकड होती. हिवताप बारमाही होता, आणि बारमाही दुखण्याला तातडी नसते.

मॅन्सन यांची मध्यस्थी

खेरवाड्याहून रॉस यांनी मॅन्सन यांना लिहिलेल्या पत्रांत त्रागा आहे, राजीनाम्याची भाषा आहे. परंतु या भाषेला व्यावहारिक मर्यादा होती. १८८१ मध्ये सेवेत आलेल्या अधिकाऱ्याची सतरा वर्षे १८९८ मध्ये पूर्ण होत होती. सप्टेंबर १८९७ मध्ये राजीनामा देणे म्हणजे निवृत्तिवेतनाच्या उंबरठ्यावरून रिकाम्या हाताने परतणे. पत्नी व लहान मुले असलेल्या माणसाला ते परवडणारे नव्हते. रॉस यांनी राजीनामा दिला नाही, खेरवाड्यात राहून कबुतरांच्या रक्तातील परजीवी पाहण्यास सुरुवात केली, आणि वाट पाहिली. त्यांच्या शीघ्रकोपी स्वभावाच्या कथा सांगणाऱ्यांनी या संयमाची फारशी दखल घेतलेली नाही.

वाटाघाटी प्रत्यक्षात केल्या त्या मॅन्सन यांनी, लंडनमधून. १८९७ मध्ये मॅन्सन वसाहत खात्याचे वैद्यकीय सल्लागार झाले होते. त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांचे स्वतःचे पूर्वायुष्यही येथे उल्लेखनीय आहे. तैवानमधील ताकाव, मग अमॉय, मग हाँगकाँग अशी त्यांची स्थलांतरे झाली. मात्र ती स्वतःच्या निवडीने झाली. चिनी सागरी जकात खात्याची नोकरी खासगी व्यवसायाला मोकळीक देणारी होती. चिनी डॉलरच्या घसरणीने साठविलेला पैसा आटल्यामुळे लंडनमध्ये पुन्हा व्यवसाय करण्याची पाळी आली, हा एक धडाही त्यांच्या गाठीशी होता. नोकरीच्या अटी म्हणजे काय, हे मॅन्सन यांना रॉस यांच्यापेक्षा चांगले समजत होते.

त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन रॉस यांना कलकत्त्यात ‘विशेष कामगिरी’वर नेमण्यात आले. १७ फेब्रुवारी १८९८ रोजी ते तेथे पोहोचले. प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटलच्या आवारातील, पूर्वी कनिंगहॅम यांच्याकडे असलेली प्रयोगशाळा त्यांना मिळाली. सेवेत कायम राहून, निवृत्तिवेतनाचा हक्क अबाधित ठेवून, नेहमीच्या कामातून मुक्तता मिळणे ही आजच्या भाषेत प्रतिनियुक्तीच म्हणावी लागेल. पण ही कामगिरी मुदतीची होती, तिला काळा आजाराच्या तपासाची जोड होती, आणि ठिकाणही आदर्श नव्हते. कलकत्त्याच्या रुग्णालयात हिवतापाच्या रुग्णांना लगेच औषध दिले जाई. त्यातच प्लेगच्या लसीची धास्ती शहरात पसरल्याने बोटातून रक्ताचा थेंब देण्यासही लोक कचरत. मॅन्सन यांच्या सल्ल्याने रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. पक्ष्यांचेच काम करायचे तर त्यासाठी भारतात राहण्याची गरज काय, असा त्यांचा सवाल होता. तो चुकीचा नव्हता. तरीही याच कामातून जुलै १८९८ मध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथींत पोहोचतो आणि दंशावाटे निरोगी पक्ष्यात शिरतो, हे सिद्ध झाले.

या स्थलांतरातील आणखी काही माणसांची नोंद आवश्यक आहे. महंमद बक्ष हा मदतनीस डास गोळा करण्यापासून ते पिंजरे सांभाळण्यापर्यंतची कामे करीत होता. पुरबूना नावाचा दुसरा मदतनीस पहिला पगार हाती पडताच निघून गेला. नंतर किशोरीमोहन बंद्योपाध्याय प्रयोगशाळा-साहाय्यक म्हणून आले. पुरबूना याच्या निघून जाण्यावर चरित्रकारांनी विनोद केला आहे. पण सर्व संबंधितांमध्ये आपल्या कामाची जागा स्वतः ठरविण्याचा अधिकार तत्काळ बजावणारा तोच एक होता, हेही खरे. रॉस यांच्या हाताखालच्या हॉस्पिटल असिस्टंट वर्गाला तर बदलीविरुद्ध दाद मागण्यासाठी लंडनमध्ये कोणी मॅन्सन नव्हता.

लिव्हरपूल : दोनशे पन्नास पौंड

कलकत्त्यातील कामानंतर रॉस यांना काळा आजाराच्या तपासासाठी आसामला जावे लागले. सतरा वर्षे आता पूर्ण झाली होती. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि त्याच वर्षी सेवानिवृत्ती घेतली. दरम्यान लिव्हरपूलमध्ये उष्णकटिबंधीय रोगांचे विद्यालय निघत होते. पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारातील जहाजमालक आल्फ्रेड जोन्स यांनी दरसाल ३५० पौंड, तीन वर्षांपर्यंत, अशी देणगी देऊ केली होती. त्या विद्यालयात रॉस यांना व्याख्यात्याचे पद मिळाले. वेतन वर्षाला २५० पौंड.

या आकड्याचा विचार करणे आवश्यक आहे. वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याच्या भारतातील प्राप्तीशी त्याची तुलनाच होऊ शकत नव्हती. भारतीय निवृत्तिवेतन जोडीला होते म्हणून संसार चालण्याजोगा होता. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर लिव्हरपूलच्या विद्यालयाला एक जगप्रसिद्ध होऊ घातलेला संशोधक इतक्या स्वस्तात मिळाला, याचे कारण त्याच्या उदरनिर्वाहाचा उरलेला भार भारताचा महसूल उचलीत होता. संस्थेचा भरवसा तीन वर्षांच्या देणगीवर. घरभाडे, प्रवास, भावी निवृत्तिवेतन यांविषयी भक्कम हमी नाही. रॉस यांनी हे पद स्वीकारले, कारण तेथे त्यांना हवे ते काम करता येणार होते. सिएरा लिओन (१८९९), सुएझ कालव्यावरील इस्माइलिया (१९०२), ग्रीस (१९०६) आणि मॉरिशस (१९०७–०८) येथील मोहिमा याच पदावरून झाल्या. यांतील प्रत्येक प्रवास हिवताप असलेल्या ठिकाणी होता.

जर्मनीतील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. वॉलस्टाइन या लहान गावी जिल्हा वैद्यकीय अधिकारी असलेले रॉबर्ट कॉख १८७९ मध्ये ब्रेस्लाऊ येथे नव्या पदावर गेले. उत्पन्न पुरेना म्हणून काही महिन्यांतच जुन्या गावी परतले. १८८० मध्ये बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयाने त्यांना बोलाविले, आणि तेथे प्रयोगशाळा व लोफलर, गाफ्की यांच्यासारखे साहाय्यक लाभले. पहिले स्थलांतर फसले आणि दुसरे सफल झाले. यातील फरक कॉख यांच्या बुद्धिमत्तेत शोधणे व्यर्थ आहे. रॉस यांना कलकत्त्यात प्रयोगशाळा मिळाली, पण मुदत अपुरी. लिव्हरपूलमध्ये स्वातंत्र्य मिळाले, पण वेतन अपुरे. सर्व गोष्टी एकत्र देणारे बर्लिन त्यांना कधीच लाभले नाही.

१९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, प्राध्यापकपदही मिळाले. तरी लिव्हरपूलमधील वेतन व निवृत्तिवेतनाविषयीचे असमाधान वाढतच गेले आणि १९१२ मध्ये ते लंडनला, किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये उष्णकटिबंधीय रोगांचे चिकित्सक म्हणून गेले. हे स्थलांतरही कटुतेशिवाय पार पडले नाही. लिव्हरपूलमधील रिक्त जागेसाठी मॅन्सन यांनी दुसऱ्या एका डॉक्टरला दिलेले शिफारसपत्र रॉस यांना स्वतःची मानहानी करणारे वाटले. प्रकरण वकिलांपर्यंत गेले आणि मॅन्सन यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्यांच्या पत्रांनी खेरवाड्यातून सुटका केली, त्यांच्याशीच एका पत्रावरून संबंध तुटले.

हिशेबाचा शेवट

रॉस यांच्या उत्तरायुष्यातील आर्थिक मागण्यांना लोभ म्हटले गेले आहे. त्यांचा स्वर कर्कश होता, हे मान्य करावे लागते. पण मागणीमागील युक्तिवाद तर्कशुद्ध होता. एडवर्ड जेन्नर यांना देवीच्या लसीबद्दल ब्रिटिश संसदेने १८०२ मध्ये १०,००० आणि १८०७ मध्ये २०,००० पौंड दिले होते. संशोधनामुळे बुडालेल्या खासगी व्यवसायाची ती एक प्रकारे भरपाई होती. महायुद्धापूर्वी रॉस यांनी याच उदाहरणाचा आधार घेऊन अर्थमंत्र्यांकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. वैद्यकीय व्यवसाय करणारा डॉक्टर संशोधनाकडे वळला तर त्याचे उत्पन्न बुडते, आणि त्या शोधाचा लाभ मात्र शासन, लष्कर, चहामळे व जहाज कंपन्या यांना होतो. तेव्हा ही तूट कोणी भरावी, हा प्रश्न त्यांनी पुनःपुन्हा विचारला. शासनाजवळ या प्रश्नाला खाते नव्हते, जसे १८९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाला रकाना नव्हता.

१९२६ मध्ये लंडनमधील पुटनी हीथ येथे रॉस इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि त्याचे प्रमुखपद त्यांना मिळाले. तरीही दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, पत्नी व कुटुंबाच्या निर्वाहाचे कारण देऊन त्यांनी आपली सर्व कागदपत्रे विक्रीस असल्याची जाहिरात स्वतः संपादित करीत असलेल्या नियतकालिकात दिली. लेडी ह्यूस्टन यांनी ती २,००० पौंडांना विकत घेतली आणि ब्रिटिश म्युझियमला देऊ केली. म्युझियमने ती स्वीकारली नाहीत. हुकूम, अर्ज, वेतनविषयक पत्रे आणि डासांची रेखाचित्रे असलेला हा संग्रह पुढे विभागला गेला. त्याचा एक भाग आज लंडनमधील आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात आहे आणि दुसरा ग्लासगो येथील चिकित्सक व शल्यचिकित्सकांच्या शाही महाविद्यालयात.